वंशावळीत आत्या कुठाय?

2023 च्या शेवटाला न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या आणि महाराष्ट्रात घरोघरी वंशावळ काढायचं काम सुरू झालं, आठवत असेल. मोडी वाचणाऱ्या माणसांना कधी नव्हे तो भाव आला, गाव नमुना 14 म्हणजे कोतवाल बुकाच्या झेरॉक्स व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागल्या, दहा-दहा वर्षं बांधावरून बोलणं बंद असलेले चुलत भाऊ एकमेकांना फोन करून विचारायला लागले की आपल्या पणजोबाचा शाळा सोडल्याचा दाखला तुझ्याकडे आहे का रे. दत्तक कोण गेलं, कोण पोट भरायला मुंबईला गिरणीत गेला आणि तिकडेच राहिला, सगळं निघालं. त्यामुळे आपल्याला पाच पिढ्या मागे जाऊन घराणं कागदावर मांडता येत नाही असं मला कुणी सांगू नये. गरज पडली की महिन्याभरात मांडता येतं. फक्त त्या कागदात एक गोष्ट बघा, खापरपणजोबापासून खाली येईपर्यंत एकही बाई नसते. आत्या नाही, बहीण नाही, मुलगी नाही. जात बापाकडून धरतात म्हणून कागद तसा, कायद्याच्या कामापुरतं ठीकच आहे.

पण आजार असा बापाची बाजू धरून चालत नाही ना. मला जे म्हणायचंय ते एवढंच की काही आजार असे आहेत ज्यांचा पेशंट एक माणूस नसून अख्खं कुटुंब असतं, आणि आपली सगळी वैद्यकीय व्यवस्था, केस पेपरपासून कायद्यापर्यंत, एका माणसाभोवती उभी आहे. त्यात जी माहिती आत्याच्या पोरापर्यंत जायला हवी ती पेशंटच्या प्लास्टिकच्या पिशवीत पडून राहते आणि ते पोर मरतं. त्यामुळे अशी माहिती नातेवाइकांपर्यंत पोचवणं हे हॉस्पिटलचं बंधनकारक काम झालं पाहिजे, पेशंटची मर्जी किंवा डॉक्टरचा चांगुलपणा यावर सोडता कामा नये.

मी बोलतोय ते आनुवंशिक एंडोक्राइन ट्यूमरबद्दल. एंडोक्राइन म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या ग्रंथी: गळ्यातली थायरॉइड, तिला मागून चिकटलेल्या चार तांदळाएवढ्या पॅराथायरॉइड, मेंदूखालची पिट्युटरी, किडनीच्या डोक्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल, स्वादुपिंडातल्या काही पेशी. काही घराण्यांत एकच जीन बिघडलेला असतो आणि त्यामुळे यातल्या दोन-तीन ग्रंथींत गाठी होत राहतात. डॉक्टर लोक त्यांना मेन वन, मेन टू म्हणतात, व्हीएचएल म्हणून आणखी एक आहे, अजूनही आहेत. मेन वनचा जीन 1997 मध्ये सापडला, मेन टूचा, म्हणजे रेट नावाच्या जीनमधला बिघाड, 1993 मध्ये. दोन्हींचा हिशोब एकच, आईला किंवा बापाला असेल तर प्रत्येक अपत्याला पन्नास टक्के शक्यता, मुलगा असो की मुलगी, थोरला असो की धाकटा, आणि पहिल्याला आला म्हणून दुसरा सुटला असंही नाही. जमिनीचं हक्कसोडपत्र बहिणीकडून सही करून घेता येतं, याचं नाही घेता येत.

आता हे आजार आपल्या घरांत कुठल्या नावाने राहतात ते बघा, कारण "मेन वन" या नावाने ते कुणाच्याच घरात नसतात. समजा एक घर आहे. थोरल्याला मुतखड्याचा त्रास, तीनदा लेझर झालं, घरात सगळे म्हणतात इथलं पाणीच जड, आमच्या वडलांनाही खडे होते. त्याच्या बहिणीची पाळी तिशीच्या आधीच बंद झाली, मूल नाही, सासरच्यांनी नवस केले, दोन गायनॅक झाले, मग कुणीतरी तालुक्याचा वैद्य सांगितला. आणि धाकटा, त्याला एकादशीला, चतुर्थीला घाम सुटून बधिर व्हायला होतं, पहाटे उठून वेड्यासारखं बडबडतो, चहा-साखर पोटात गेली की ठीक. त्याला कुणी फिट म्हणालं, कुणी बाहेरचं आहे म्हणालं. मुतखडा वाढलेल्या कॅल्शियमचा, कारण पॅराथायरॉइडमध्ये गाठ. पाळी बंद ती पिट्युटरीतल्या गाठीने प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढलं म्हणून. आणि पहाटेची बडबड स्वादुपिंडातल्या इन्सुलिन सोडणाऱ्या गाठीची. तीन भावंडं, तीन डॉक्टर, तीन फायली, आणि आजार एक. पण तिघांचे कागद एका टेबलावर कधीच येत नाहीत, कारण युरॉलॉजिस्ट बहिणीच्या पाळीबद्दल कशाला विचारेल, आणि विचारलं तरी थोरला भाऊ ते सांगेल का.

(घाबरवायचं नाहीये कुणाला. बहुतेक मुतखडे साधेच असतात, पाणी कमी पिऊन, उन्हात राबून झालेले. पण तरुणपणी पुन्हापुन्हा खडे होत असतील आणि घरात आणखी कुणाला होत असतील तर रक्तातलं कॅल्शियम एकदा बघून घ्यायला हरकत नाही, गावच्या लॅबमध्येही होणारी साधी टेस्ट आहे, आणि ती करायची राहून जाते हे मला कळत नाही.)

मेन टूचं त्याहून वाईट. त्यात थायरॉइडचा मेड्युलरी नावाचा कॅन्सर होतो, थायरॉइड कॅन्सरवरच्या नेहमीच्या रेडिओआयोडीन उपचाराला दाद न देणारा, आणि निम्म्याच्या आसपास लोकांत अ‍ॅड्रिनलमध्ये फिओक्रोमोसायटोमा नावाची गाठ होते. ही गाठ अधूनमधून अ‍ॅड्रिनलिनसारखी रसायनं रक्तात ओतते, मग डोकं ठणकतं, घाम फुटतो, छाती धडधडते, बीपी दोनशेच्या पुढे, आणि अर्ध्या तासाने माणूस एकदम नॉर्मल, डॉक्टरकडे पोचेपर्यंत काही नाही, "टेन्शन घेऊ नका." ज्याला माहीत नाही अशा माणसाला अपेंडिक्ससाठी, बाळंतपणासाठी, साध्या हर्नियासाठी टेबलावर घेतलं आणि भूल दिली तर बीपी असं उसळतं की जीव जाऊ शकतो. आधी माहीत असेल तर ऑपरेशनआधी काही दिवस बीपी आवरणाऱ्या अल्फा ब्लॉकर गोळ्या देऊन तेच ऑपरेशन नीट पार पडतं. गावाकडे "भुलीतून उठलीच नाही" अशा गोष्टी ऐकलेल्या असतात आपण, डॉक्टरने डोस जास्त दिला म्हणून दवाखान्याच्या काचा फुटतात. प्रत्येक वेळी हेच कारण असतं असं मी म्हणत नाही, बऱ्याचदा नसतंच. पण एकाच घरात दोघी अशा गेल्या असतील तर काच फोडण्याआधी कुणीतरी प्रश्न विचारायला हवा की नको?

1886 मध्ये जर्मनीत फ्रायबुर्ग इथे एक अठरा वर्षांची मुलगी अशीच धडधड आणि चक्कर घेऊन आली आणि अचानक गेली. शवविच्छेदनात दोन्ही अ‍ॅड्रिनलमध्ये गाठी निघाल्या, डॉक्टर फ्रँकेलनी ते लिहून ठेवलं, आणि पुढे वैद्यकशास्त्रात ती फिओक्रोमोसायटोमाची पहिली केस मानली गेली. खरी गंमत नंतरची आहे. तिथल्याच डॉक्टरांनी तिच्या घराण्याचा माग काढला, हयात वंशजांच्या टेस्ट केल्या, आणि 2007 मध्ये जाहीर केलं की काही नातेवाइकांत रेट जीनचा बिघाड आहे, म्हणजे तिला मेन टू होतं. एकशे एकवीस वर्षांनी निदान झालं, त्यात दोन महायुद्धं होऊन गेली, तरी नातेवाईक सापडले, कारण नोंदी होत्या आणि शोधायची इच्छा होती. नोंदी आपल्याकडेही आहेत हे आत्ताच बघितलं आपण.

आणि शोधून करायचं काय, असं विचारणाऱ्यांसाठी सांगतो की इथे करण्यासारखं खरंच काही आहे, सगळ्याच आनुवंशिक आजारांत ते नसतं. रेट जीनमध्ये बिघाड नक्की कुठल्या जागी आहे त्यावरून कॅन्सर किती लवकर येईल हे बऱ्यापैकी सांगता येतं. 918 नंबरच्या जागेवर असेल तर थायरॉइड पहिल्या वर्षातच काढायची शिफारस आहे, 634 वर असेल तर पाच वर्षांच्या आत, बाकीच्या बहुतेक जागांसाठी रक्तातलं कॅल्सिटोनिन, म्हणजे या कॅन्सरची खूण सांगणारं हार्मोन, बघत थांबता येतं. वेळेत काढली तर तो कॅन्सर होतच नाही, पोरगं रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी घेतं आणि शाळेत जातं. उशीर झाला आणि मानेतल्या गाठींत पसरला की मग आयुष्यभर मागे लागणं आलं. मेन वनमध्ये असं आधीच काढून टाकण्यासारखं ऑपरेशन नाही, तिथे दरवर्षी तपासण्या करत लक्ष ठेवायचं, त्यामुळे माझं म्हणणं मेन वनपेक्षा मेन टूला जास्त जोरात लागू आहे हे मला मान्य आहे.

शिवाय एक गोष्ट लोक विसरतात. घरातल्या एकाचा नेमका बिघाड सापडला की बाकीच्यांची टेस्ट फक्त तेवढ्या एका जागेची करावी लागते, बरेच जीन एकदम तपासणाऱ्या अख्ख्या पॅनेलपेक्षा ती खूप स्वस्त पडते, आणि जवळजवळ निम्म्या पोरांचा रिपोर्ट निगेटिव्ह येतो. निगेटिव्ह म्हणजे सुटलं, त्या पोराला ना दरवर्षी सुया, ना एमआरआय, आणि त्याच्या पोरांनाही नाही. न कळवण्याची किंमत ही सुटलेली पोरंपण मोजतात, भीती घेऊन.

मग हे कळवतं कोण? सध्या कुणीच नाही. माझ्या ओळखीतल्या एका बाईंचं गळ्याचं ऑपरेशन झालं, मोठ्या शहरात, चांगल्या सर्जनच्या हातून, त्याबद्दल तक्रार नाही. डिस्चार्ज कार्ड तीन पानी, इंग्रजीत, आणि तिसऱ्या पानावर गोळ्यांच्या यादीखाली, टाके कधी काढायचे त्याच्याही खाली, एक ओळ: "अ‍ॅडव्हाइज्ड फॅमिली स्क्रीनिंग". बस. कुणाचं फॅमिली, कसलं स्क्रीनिंग, कुठे जायचं, काही नाही. घरच्यांना वाटलं की ते घरातल्यांनी एकदा बॉडी चेकअप करून घ्यावं असं जनरल काहीतरी असेल. बाईंचे दोन भाऊ, त्यांच्याशी आईच्या वाटणीवरून बोलणं नाही, त्यांना तर ऑपरेशन झाल्याचंही उडत-उडत कळलं. बहिणीच्या गळ्यातल्या गाठीशी आपल्या पोरांचा काही संबंध असेल हे त्यांच्या स्वप्नातही नाही, आणि डॉक्टरच्या दृष्टीने त्याने सांगितलंय, कार्डावर आहे.

नेमका हाच प्रश्न अमेरिकेत फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयात 1995 मध्ये आला होता आणि आजारही हाच होता, मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर. आईवर 1987 मध्ये उपचार झाले, तीन वर्षांनी मुलीला तोच कॅन्सर निघाला, तिने आईच्या डॉक्टरांवर दावा लावला की हा आनुवंशिक आहे हे तुम्ही सांगितलं असतं तर माझा वेळेत बरा झाला असता. कोर्ट म्हणालं की हो, डॉक्टरचं हे कर्तव्य पेशंटच्या मुलांच्या भल्यासाठीही आहे, पण ते पार पाडायला पेशंटला सांगितलं की पुरे, डॉक्टरने नातेवाईक शोधत फिरायचं नाही. अर्धा निकाल मला पटतो, दुसरा अर्धा नाही. पेशंटला सांगितलं म्हणजे कुटुंबाला सांगितलं हे जिथे कुटुंबं खरंच बोलतात तिथे ठीक, पण ज्या महाराष्ट्रात भाऊबंदकी हा शब्दच भांडण या अर्थाने वापरतात तिथे?

कोणी म्हणेल, पेशंटच्या गुप्ततेचं काय. आपल्याकडे 2002 चे वैद्यकीय आचारसंहितेचे नियम आहेत, त्यात गुप्तता पाळायची असं सांगून लगेच अपवादही दिलेत, त्यातला एक म्हणजे एखाद्या विशिष्ट व्यक्तीला गंभीर आणि ओळखता येण्यासारखा धोका असेल तेव्हा. 1998 मध्ये एचआयव्हीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलंय की पेशंटचा गुप्ततेचा हक्क दुसऱ्याच्या जिवापुढे निरपेक्ष नाही. म्हणजे दार किलकिलं आहे, पण कुठलाही शहाणा डॉक्टर एवढ्या फटीतून आत जाणार नाही, उद्या पेशंटने केस केली तर काय. त्यामुळे स्पष्ट नियम हवा. फ्रान्सने 2011 च्या कायद्यात मध्यम मार्ग काढला: नातेवाइकांना कळवणं हे पेशंटचं कर्तव्य, त्याला स्वतःला सांगायचं नसेल तर त्याच्या परवानगीने डॉक्टर पत्र पाठवतो, पत्रात पेशंटचं नाव नसतं, आजाराचंही नसतं, फक्त तुम्ही जेनेटिक सल्ला घ्यावा एवढं असतं. ऑस्ट्रेलियाने 2006 मध्ये पुढचं पाऊल टाकलं, गंभीर धोका असेल तर पेशंटच्या परवानगीशिवायही रक्ताच्या नात्यातल्यांना कळवायची मुभा दिली. आपण आधी फ्रान्सकडून सुरुवात करावी आणि मेन टूसारख्या, म्हणजे लहान पोराचा कॅन्सर टाळता येतो अशा मोजक्या आजारांसाठी ऑस्ट्रेलियाचं घ्यावं, पेशंट नाही म्हणाला तरी. हे काहींना जास्त वाटेल. मला तरी मामाच्या लाजेपेक्षा चार वर्षांच्या भाच्याची मान मोठी वाटते.

सगळ्यात खरा विरोध कायद्याच्या बाजूने येत नाही, तो लग्नाच्या बाजूने येतो. पोरीचं स्थळ बघायचंय आणि तुम्ही घराण्यात खोट आहे म्हणून चिठ्ठ्या वाटताय? हा विरोध मी हसण्यावारी नेणार नाही, कारण आपल्याकडे कोड असलेल्या आत्यामुळे भाचीचं लग्न मोडतं. आणि मार पडतो तो बायकांवर, मुलाला असेल तर "ऑपरेशन झालंय, आता ठीक आहे", मुलीला असेल तर "हिच्या माहेरचं आहे". पण लपवल्याने पोरगी वाचत नाही हो. ज्या पोरीला टेस्ट न करता सासरी पाठवली, तिची फिओची, म्हणजे त्या फिओक्रोमोसायटोमाची, गाठ बाळंतपणात उसळली तर सासरचे काय म्हणतील त्याचा विचार करा. टेस्ट केली तर निम्मी शक्यता निगेटिव्हची, मग छातीठोकपणे सांगता येतं. आणि पॉझिटिव्ह असेल तरी ऑपरेशन झालेली, दरवर्षी तपासणी करणारी मुलगी ही काहीही माहीत नसलेल्या मुलीपेक्षा कितीतरी सुरक्षित असते. रिपोर्ट स्थळवाल्यांना दाखवायचा की नाही हा तिचा प्रश्न, हॉस्पिटलने भावकीला पाठवलेल्या पत्रात तिचं नाव नसतंच.

दुसरा विरोध विम्याचा, आणि इथे मी विरोधकांच्या बाजूने आहे. अमेरिकेने 2008 मध्ये जीना नावाचा कायदा केला, आरोग्य विमा आणि नोकरी यात जीनवरून भेदभाव करायचा नाही. आयुर्विमा त्यात नाही, ती पळवाट राहिलीच. आपल्याकडे फेब्रुवारी 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हृदयाच्या एका आनुवंशिक आजाराच्या केसमध्ये म्हटलं की "जेनेटिक डिसऑर्डर" असं सरसकट लिहून क्लेम नाकारणं घटनेच्या 14 व्या कलमाविरुद्ध आहे, आणि पाठोपाठ मार्चमध्ये विमा नियामकाचं परिपत्रकही आलं. चांगलं झालं, पण निकाल आणि परिपत्रकावर माणसाने आपल्या पोराचा रिपोर्ट सोपवावा असं म्हणायला जीभ वळत नाही. संसदेने कायदा करावा, आयुर्विम्यासकट, आणि तो कळवण्याच्या नियमाच्या आधी किंवा निदान बरोबरीने यावा. आधी लोकांना टेस्ट करायला लावायची आणि संरक्षण मागाहून, हा उलटा क्रम झाला.

सोयीच नाहीत, असंही म्हणतात. अगदीच तसं नाही. परळचं केईएम एंडोक्राइनसाठी नावाजलेलं आहे, टाटाचं कॅन्सर जेनेटिक्सचं काम खारघरला चालतं, वेल्लोरला, लखनौच्या एसजीपीजीआयला लोक जातात. कमी आहेत, मान्य, आणि चंद्रपूरच्या माणसाने खारघरला यायचं म्हणजे रोजगार बुडवून यायचं. पण मी जे मागतोय त्याला मशीन लागत नाही. सरकारी हॉस्पिटलात मेडिकल सोशल वर्करचं पद असतंच. पेशंट वॉर्डात पडून असताना, रिपोर्टची वाट बघत, तिच्याशी तासभर बसून एक कागद भरायचा, आई, बाप, भाऊ, बहिणी, त्यांची पोरं, मावश्या, मामा, आत्या, काका, कोण कशाने गेलं, "बीपीने", "भुलीत", "गळ्याच्या गाठीने", आणि कोण कुठे राहतं. मग मराठीत एक पानी पत्र, खाली फोन नंबर, जो उचलला जातो. रक्त जवळच्या जिल्हा रुग्णालयात काढून पाठवता येतं, माणसाला हलवायची गरज नाही. त्या एका जागेच्या टेस्टचा खर्च सरकारने उचलावा, एका पसरलेल्या मेड्युलरी कॅन्सरच्या गोळ्यांचा वर्षाचा खर्च बघितला तर हा हिशोब मंत्रालयातल्या कुणालाही जमेल.

लहान पोराच्या वतीने निर्णय आईबाप घेतात, पोराला विचारत नाहीत, हा आक्षेप मला सगळ्यात अवघड वाटतो. चाळिशीत येणाऱ्या, उपाय नसलेल्या आजाराची टेस्ट पोरावर करू नये, तो अठरा वर्षांचा झाला की ठरवेल, हे तत्त्व बरोबरच आहे. पण रेट 634 मध्ये अठराव्या वर्षापर्यंत थांबणं म्हणजे त्याच्या वतीने उलटा निर्णय घेणंच झालं. मात्र चार वर्षांच्या मानेतलं ते ऑपरेशन ज्याचा त्यात हात बसलाय अशा सर्जननेच करायला हवं, पॅराथायरॉइडला धक्का लागला तर कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर मागे लागतात, म्हणून अशी ऑपरेशनं राज्यात दोन-तीन ठिकाणीच व्हावीत, गल्लोगल्ली नकोत.

आणि ज्या घरातला पेशंट आधीच गेलाय त्यांचं काय? तिथे पत्र कोण लिहिणार? ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा पॅथॉलॉजीवाले मेणात बुडवून ब्लॉक करून ठेवतात, कपाटात वर्षानुवर्षं असतात ते, आणि अशा जुन्या ब्लॉकमधूनही बऱ्याचदा डीएनए काढून टेस्ट करता येते. म्हणून नियम करताना हेही घालावं की मेड्युलरी थायरॉइड किंवा फिओचा ब्लॉक नष्ट करायच्या आधी हॉस्पिटलने नातेवाइकांना विचारायचं, आणि रक्ताच्या नात्यातल्या कुणीही, लग्न होऊन आडनाव बदललेल्या मुलीनेसुद्धा, अर्ज केला तर तो टेस्टसाठी द्यायचा, वारस दाखला मागत बसायचं नाही.